ऑफिसच्या दारावरची फुली

पुष्पाबाईंवर कोणीतरी लिहायला हवं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कोणी लिहिलं नाही. संस्थेच्या रौप्यमहोत्सवी अंकात त्यांचं नाव एकदा आलं आहे, माजी रेक्टरांच्या यादीत, तेही चुकीच्या सालासमोर. म्हणून शेवटी मीच बसलो. माझं आजवरचं लेखन सगळं आवक-जावक रजिस्टरातलं; आलेल्या पत्राचा विषय एका ओळीत लिहायचा, एवढीच सवय. तेव्हा कुठे पाल्हाळ झालं किंवा काही राहून गेलं, तर तो दोष माझा समजावा.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज चिखलीहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. मी तिथे मुलींच्या वसतिगृहाच्या कार्यालयात कारकून होतो आणि पुष्पाबाई रेक्टर होत्या.

रेक्टर होण्याआधी बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होत्या. शिकवणं त्यांनी केलंच, पण मुख्य काम मोजण्याचं. सरकारला जे जे मोजावंसं वाटलं, ते ते बाईंनी मोजलं. माणसं मोजली, मतदार मोजले, म्हशी, शेळ्या, विहिरी, निर्धूर चुली मोजल्या. संडास मोजले आणि त्यांत किती ठिकाणी गोवऱ्या रचल्या आहेत तेही मोजलं. आधी निरक्षर मोजले, मग साक्षर झालेले निरक्षर मोजले. एका साली त्यांनी गावातली नवी झाडं मोजून दिली, तर दोन महिन्यांनी पत्र आलं की झाडं नव्हे, खड्डे मोजायचे होते.

या सगळ्या मोजण्यांत त्यांची एक पद्धत ठरून गेली होती. हातात फॉर्म आणि पिशवीत खडू. घरात जायचं, डोळ्यांनी पाहायचं, लिहायचं आणि निघताना दाराच्या चौकटीवर खूण करायची. काम पुरं झालं तर बरोबरची खूण, काही बाकी असेल तर फुली आणि तारीख. फुलीच्या दारी परत जायचं. बरोबरची खूण होईपर्यंत बाई त्या घराचा पिच्छा सोडत नसत.

फक्त एक अपवाद होता, आणि तो त्यांचा एकटीचा नव्हता. आमच्या भागात मोजणीला जाणारा प्रत्येक जण तो पाळतो. गावातल्या मोठ्या घरी आत जायचं नसतं. ओट्यावर बसायचं, घरधनी सांगेल तो आकडा लिहायचा, चहा घ्यायचा आणि बरोबरची खूण करून उठायचं. आत जाऊन मोजलं तर घरधन्याच्या शब्दावर विश्वास नाही असा अर्थ होतो. बाईंनी एका घरी लागोपाठ तीन जनगणनांत चौदा माणसं लिहिली. मधल्या काळात त्या घरातली म्हातारी वारली, तीन सुना आल्या, पाच बाळंतपणं झाली. आकडा चौदाच राहिला.

"मले दिसे ना, अंगणातच अठरा-वीस लेकरं खेळत," बाई सांगत. "पण ते म्हनत चौदा, अन् चहात विलायची राहे."

दोन हजार चार साली आमच्या वसतिगृहात नेटवर्क आलं. एकोणीस मुलींकडे स्वतःचे कॉम्प्युटर होते. त्या सगळ्यांना निळ्या वायरी जोडल्या, आणि तळमजल्यावर संस्थेचं संपर्क कार्यालय होतं तिथल्या कॉम्प्युटरलाही जोडली. इंटरनेट आधी त्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यायचं आणि तिथून वर जायचं. संस्थेचे अध्यक्ष रंगराव यांच्या हस्ते उद्घाटन झालं. वायरी जिथे एकत्र येतात त्या डबीला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ तिच्याच शेजारी फोडला. थोडं पाणी आत गेलं. नेटवर्क प्रत्यक्षात सुरू झालं ते त्यानंतर नऊ दिवसांनी.

मग एक समिती नेमली गेली, 'विद्यार्थिनी संगणक सुरक्षा समिती'. समितीत अध्यक्षांचे पुतणे हिंमतराव होते, कारण ऑफिसचा कॉम्प्युटर तेच वापरत. कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख अर्जुनराव सर होते, कारण त्यांना त्यातलं कळत होतं. त्यामुळे ते बैठकीत फारसं बोलत नसत. समितीनं अकरा कलमांचं परिपत्रक काढलं. मीच ते टाईप केलं. चौथं कलम असं होतं की प्रत्येकीनं आपला पासवर्ड अत्यंत गुप्त ठेवावा व त्याच्या दोन प्रती कार्यालयात जमा कराव्यात. अकरावं कलम असं की व्हायरसविरोधी प्रोग्रॅमच्या दर आठवड्याच्या नव्या फायली फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनच घ्याव्यात. बाहेरून आणल्यास कारवाई होईल.

अंमलबजावणी पुष्पाबाईंकडे आली. बाईंनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. परिपत्रक घेऊन त्या वरच्या मजल्यावर केसरच्या खोलीत गेल्या. केसर शेवटच्या वर्षाला होती, वरवट बकालची. वडील भाजीपाला पिकवायचे. आपला कॉम्प्युटर तिनं गावाहून एसटीनं आणला होता. डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर आणि मॉनिटर शेजारच्या सीटवर, त्याचं अर्धं तिकीट काढून.

"पोरी, हे अकरा कलमं मले समजत नाहीत," बाई म्हणाल्या. "तू मले एवढं सांग, खोलीत जाऊन मी पाहू काय?"

केसर म्हणाली, "बाई, चारच गोष्टी पाहा. चालू करताना पासवर्ड विचारते का? व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम हाय का, अन् त्याची फाईल याच आठवड्याची हाय का? कंपनीनं पाठवलेली दुरुस्ती टाकली का? अन् चौथं, फोल्डर सगळ्यायले उघडं टाकून ठेवलं का?"

"उघडं म्हंजे?"

"म्हंजे दार उघडं टाकून कोनी बजाराले गेलं तर? जो येईन तो पाहीन, नेईन. अन् वाटलं तर आपल्या घरात काहीबी आनून टाकीन."

बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी चार प्रश्नांचा फॉर्म आखला, मी चक्रमुद्रित केला, आणि दर रविवारी सकाळी बाई खोल्या फिरू लागल्या. पासवर्डच्या प्रती मात्र त्यांनी घेतल्या नाहीत. मी पाकिटं करून ठेवली होती, ती त्यांनी परत वाटून टाकली. म्हणाल्या, "शंकरराव, दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या खुंटीले कायले पायजे?"

मुली सुरुवातीला हसायच्या. "बाई आल्या, म्हशी लपवा गं," असं एक जण म्हणायची. पण खोलीच्या चौकटीवर फुली आली की तिथल्या मुलीची आठवडाभर चेष्टा व्हायची. महिन्याभरात एकोणीसच्या एकोणीस दारांवर बरोबरची खूण दिसू लागली. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत काय होतं मला माहीत नाही, पण आमच्याकडे 'पासवर्ड' हा शब्द स्वयंपाकीणबाईंनाही पाठ झाला होता.

रविवारची फेरी तळमजल्यावर संपायची, संपर्क कार्यालयाच्या दाराशी. हिंमतराव आतून पत्त्यांचा खेळ न थांबवता विचारायचे, "बाई, चहा?"

"तुमच्या मशीनीचं सगळं बरोबर हाय ना, भाऊसाहेब?"

"एकदम ओके. आपलं तर मेन मशीन हाय."

बाई बाहेरच्या बाकावर बसून चहा घ्यायच्या, चारही प्रश्नांपुढे 'होय' लिहायच्या, चौकटीवर बरोबरची खूण करायच्या आणि उठायच्या. मी समोरच बसलेला असे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणजे वाटलं असेल, पण मी ते फार वेळ वाटू दिलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

मार्च महिन्यात एका बुधवारी बारा नंबरच्या खोलीतला कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. पडद्यावर एक चौकोन यायचा, साठपासून उलटे आकडे मोजायचा आणि एकावर आला की सगळं काळं. चालू केला की पुन्हा साठ. गुरुवारी असे सात झाले आणि शुक्रवारी दुपारपर्यंत अठरा. परीक्षक सोमवारी अमरावतीहून येणार होते आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींचे प्रोजेक्ट त्या डब्यांत अडकले होते. काही मुलींनी सीडीवर प्रती काढून ठेवल्या होत्या. बाकीच्या रडत होत्या.

एकच कॉम्प्युटर नीट चालत होता, केसरचा.

शुक्रवारी संध्याकाळी समिती बसली. हिंमतरावांनी आल्या आल्या निदान केलं. "सगळ्यायच्या बंद अन् हिचीच चालू. ह्याच्यात समजायचं काय राह्यलं? हिनंच केलं."

अर्जुनराव सर खाकरले. "तसं म्हणता येणार नाही. तिनं काळजी घेतली असेल."

"काळजी? इचारा ना तिले, फायली कोठून आनते."

केसरला बोलावलं. तिनं लपवलं नाही. "चिखलीच्या इंटरनेट कॅफेतून आणते सर, दर शनिवारी. ऑफिसच्या फोल्डरमधली फाईल दिवाळीची हाय; उतरवली का तिच्यावर त्याच दिवसाची तारीख पडते, म्हनून बाईले नवी दिसते. मी बाईले दाखवणार होती, पण अकरावं कलम..."

"कबूल झाली!" हिंमतराव म्हणाले. "बाहेरून आनलं म्हंजे बाहेरचंच आनलं."

ठराव झाला: सदर विद्यार्थिनीचा संगणक जप्त करून मोहोरबंद करण्यात यावा, चौकशी होईपर्यंत तिचा प्रोजेक्ट परीक्षकांपुढे ठेवू नये. चौकशीची तारीख एप्रिलअखेर. म्हणजे केसरचं वर्ष गेलं. पुण्याच्या एका कंपनीनं तिला निवडलं होतं, ते जूनमध्ये निकाल दाखवण्याच्या अटीवर. आणि तिच्या वडिलांनी गावात सांगून ठेवलं होतं की चार वर्षं म्हणजे चारच. पाचव्या वर्षाला घरी चालून आलेलं स्थळ होतं.

मोहोर लावायला मला पाठवलं. मी कापड, सुतळी आणि लाख घेऊन वर गेलो आणि मॉनिटर नीट बांधून त्यावर सात ठिकाणी लाखेची मोहोर उठवली. सगळी माहिती खालच्या डब्यात असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. केसरनं पाहिलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "काका, सोमवारी नाही तर मग कधी हो?" मी म्हणालो की वरिष्ठ ठरवतील. या उत्तराची मला पुढे बरेच दिवस लाज वाटली.

शनिवारी सकाळी बाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. त्यांच्यापुढे वीस फॉर्म होते. कोणत्या खोलीचा कॉम्प्युटर कधी बंद पडला ते त्यांनी प्रत्येकीला विचारून त्यावर लिहून आणलं होतं.

"शंकरराव, हे पाहा. बाराव्या खोलीनं बुधवारी सकाळी ऑफिसातून फाईल घेतली, दुपारी बंद. सातव्या खोलीनं गुरुवारी घेतली, गुरुवारी बंद. अठराही जनींनी ऑफिसातूनच घेतली. केसरनं घेतली नाही." मग त्यांनी विसावा फॉर्म वर काढला. "अन् हा ऑफिसचा. चार होय लिहून हायेत. अक्षर माह्यं हाय. पण हे पाह्यलं कोनी?"

मी आवक-जावक रजिस्टर पुढे ओढलं.

"मी त त्या खोलीत पाय नाही ठेवला कधी," बाई म्हणाल्या. "तुमी जाता. तुमी पाह्यलं?"

आता ते कारण सांगणं भाग आहे. दिवाळीनंतर ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी व्हायरसविरोधी प्रोग्रॅमची नवी सीडी आली होती. संस्थेचा नियम असा की कोणतीही वस्तू वापरात काढण्यापूर्वी तिच्यावर जडसंग्रहाचा, म्हणजे डेडस्टॉकचा, नंबर रंगवला पाहिजे. खुर्च्या, बादल्या, घमेली, सगळ्यांवर मीच रंगवत असे. सीडीच्या एका बाजूला कंपनीचं नाव छापलेलं होतं आणि दुसरी बाजू कोरी, चकचकीत होती. मी कोऱ्या बाजूवर ऑइल पेंटनं सुबक नंबर रंगवला. दोन दिवस वाळवला. मग हिंमतरावांनी ती आत घातली, यंत्र कण्हलं आणि सीडी बाहेर आली. ते म्हणाले, "कंपनीनं खराब मारली." मी म्हणालो, "असेल." ती मी माझ्या कपाटात ठेवली आणि रजिस्टरात 'बसवली' असं लिहिलं.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी मला लागेल असा एक शब्दही म्हटला नाही. मला वाटतं, त्यांना ते चौदा आठवत होते. त्या उठल्या, पदराचं टोक पाण्यात भिजवलं, संपर्क कार्यालयाच्या चौकटीवरची खूण पुसली आणि तिथे फुली काढली. मोठी, शाळेतल्या फळ्यावर काढतात तशी. खाली तारीख घातली.

तासाभरात ती सगळ्या वसतिगृहानं पाहिली. दुपारी खुद्द रंगराव आले. मागे हिंमतराव, त्यांच्यामागे अर्जुनराव सर, आणि जिन्यावर मुली.

"बाई," रंगराव म्हणाले, "आमच्या दारावर फुली?"

"हाव साहेब. काम बाकी हाय त्या दारी."

हिंमतराव तापले. "ओ बाई, दर आठवड्याले तुमीच होय लिहून नेलं ना? आता काऊन पलटून राह्यल्या?"

"लिहिलं, भाऊसाहेब. थे खोटं लिहिलं. न पाह्यता लिहिलं. चूक माही हाय, माह्या नावानं ठराव करा. पन माह्या खोट्या लिहिण्यापायी त्या पोरीचं साल जाऊन राह्यलं. तिले आज मोकळं करा."

"असं कसं एकदम?" रंगराव म्हणाले.

"एकदम नाही साहेब. आत्ता आत जाऊ, चार गोष्टी पाहू. पाच मिनिटं लागतात. वरच्या पोरी तीन मिनिटांत दाखवतात."

आणि बाई उंबरठा ओलांडून आत गेल्या. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या. अध्यक्ष बाहेर आणि बाई आत, असं दृश्य आमच्या संस्थेत पूर्वी झालं नव्हतं. मग अध्यक्षांनाही आत यावं लागलं.

बाई म्हणाल्या, "सर, चालू करा." अर्जुनराव सरांनी बटण दाबलं. पासवर्ड विचारला गेला नाही. फोल्डर सताड उघडं होतं. त्यात मुलींसाठीच्या फायली होत्या आणि त्यांच्या भोवती दोनशेच्या वर सिनेमे. दुरुस्ती एकही टाकलेली नव्हती.

"अन् व्हायरसचा प्रोग्रॅम?" बाईंनी विचारलं.

"दिसत नाही," सर म्हणाले. "पण रजिस्टरात तर बसवल्याची नोंद आहे."

मी दाराशी उभा होतो.  कपाटाची किल्ली माझ्या हातात होती आणि बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. पाहिलं असतं तर कदाचित मी गेलो नसतो. मी जाऊन ती सीडी आणली आणि टेबलावर ठेवली. वरचा नंबर फार सुबक आला होता.

अर्जुनराव सरांनी ती उजेडात उलटसुलट केली. त्यांच्या मिशा हलल्या. इतक्यात पडद्यावर तो चौकोन आला आणि आकडे मोजू लागला. एकोणसाठ, अठ्ठावन्न. जिन्यावरच्या मुलींनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एकावर आल्यावर पडदा काळा झाला आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या.

रंगराव राजकारणातले होते. त्यांना परिस्थिती लवकर कळायची. ते म्हणाले, "वायर काढा याची. पोरीचं मशीन सोडा. सोमवारी परीक्षा होऊ द्या." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "इतिवृत्तात लिहा, विजेच्या कमी-जास्त दाबामुळे बिघाड. तो दूर करण्यात आला."

मी तसं लिहिलं. ते इतिवृत्त अजून फायलीत असेल.

केसरच्या चिखलीहून आणलेल्या सीडीवरून अर्जुनराव सरांनी रविवारभर एक-एक कॉम्प्युटर दुरुस्त केला. मोहोर काढायला मी गेलो, तेव्हा केसर म्हणाली, "काका, डबा तर मोकळाच होता. टीव्ही बांधला होता तुमी." मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमची मोहोर लय मस्त बसली होती पण."

सोमवारी तिचा प्रोजेक्ट झाला. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला एसटी किती वाजता, ते सांगणारा प्रोग्रॅम होता. परीक्षकांनी 'शेगाव ते चिखली' टाकून पाहिलं, गाडी निघाली, आणि त्यांनी चांगले गुण दिले.

अकरावं कलम मागे घेतलं गेलं नाही. त्यात फक्त 'ऑफिस' या शब्दाऐवजी 'सक्षम प्राधिकारी' असा शब्द आला. पुष्पाबाईंची नेमणूक मात्र जूनमध्ये पुढे चालू ठेवली नाही. पत्र मीच टाईप केलं. विषय एका ओळीत: 'सेवा समाप्तीबाबत.'

बाई वसतिगृह सोडून गेल्या त्या दिवशी केसर निकालपत्रक घ्यायला आली होती. आम्ही तिघं रस्त्यावरच्या थांब्यावर उभे राहिलो. निघण्यापूर्वी बाई संपर्क कार्यालयात आत जाऊन आल्या होत्या, चारही गोष्टी पाहून. हिंमतरावांनी त्या उभं राहून दाखवल्या. चौकटीवर त्यांनी बरोबरची खूण केली. चहा घेतला नाही.

"केसर, गाडी कधी हाय?" बाईंनी विचारलं.

"चार दहाची हाय बाई. माह्या प्रोग्रॅममधी हाय."

चार दहा झाले. साडेचार झाले. रस्त्यावरून एक जीप गेली, मग कडब्याचा ट्रॅक्टर गेला.

"पोरी," बाई म्हणाल्या, "हे चार दहा तू डोळ्यानं पाह्यले होते काय?"

केसरनं वही उघडून पाहिली. "नाही बाई. स्टँडवरच्या फळ्यावरून उतरवले."

बाई इतक्या हसल्या की त्यांना पिशवी खाली ठेवावी लागली. मग त्यांनी पिशवीतून खडू काढला आणि थांब्याच्या खांबावर फुली काढली. खाली तारीख घातली. गाडी पाच वाजून पाच मिनिटांनी आली. केसरनं आपल्या वहीत ती वेळ लिहून घेतली, गाडी समोर येऊन उभी राहिल्यावर.